उत्तर सायप्रसची व्यापारकोंडी: २००४ मध्ये दिलेला शब्द युरोपने पाळायला नको का?

विषुववृत्त

ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर सायप्रसची निवडणूक तुफान एर्हुरमान यांनी जिंकली आणि बेटाच्या एकीकरणाच्या वाटाघाटींची भाषा पुन्हा सुरू झाली. आपल्याकडे सायप्रस म्हटलं की गाडी तुर्कस्तान-पाकिस्तान दोस्ती आणि मोदींचा जून २०२५ चा दौरा यापुढे जात नाही. मला बोलायचंय ते तिथल्या संत्र्या-बटाट्यांबद्दल.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९७४ च्या जुलैत ग्रीसच्या लष्करशहांच्या फूसीने निकोसियात बंड झालं, पाठोपाठ तुर्कस्तानने सैन्य उतरवलं आणि बेटाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग ताब्यात घेतला. ग्रीक सायप्रिऑट दक्षिणेत, तुर्की सायप्रिऑट उत्तरेत, मध्ये संयुक्त राष्ट्रांची ग्रीन लाइन. १९८३ मध्ये उत्तरेने स्वतःला प्रजासत्ताक जाहीर केलं. त्याला मान्यता देणारा देश आजही एकच, तुर्कस्तान.

तरीही १९९४ पर्यंत उत्तरेतली संत्री आणि बटाटे ब्रिटनच्या बाजारात बिनघोर जात होते. मग ग्रीक सायप्रिऑट बागायतदार कोर्टात गेले आणि त्या जुलैत युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: मालाच्या उगमाचा आणि रोगमुक्तीचा दाखला सायप्रस प्रजासत्ताकाच्या अधिकाऱ्याचाच हवा, उत्तरेतल्या कार्यालयाचा चालणार नाही. उत्तरेतला शेतकरी तो आणणार कुठून? युरोपची बाजारपेठ एका निकालात हातची गेली.

२४ एप्रिल २००४ ला कोफी अन्नान यांच्या एकीकरण योजनेवर दोन्हीकडे सार्वमत झालं. तुर्की सायप्रिऑटांपैकी ६५ टक्के 'हो' म्हणाले, ग्रीक सायप्रिऑटांपैकी ७६ टक्के 'नाही'. आठवडाभरात, १ मे रोजी, 'नाही' म्हणणारे युरोपीय संघात दाखल झाले आणि 'हो' म्हणणारे बाहेर राहिले. मधल्या काळात, २६ एप्रिलला, युरोपच्या मंत्र्यांनी या समाजाचा एकाकीपणा संपवण्याचा निर्धार जाहीर केला होता. जुलैत युरोपीय आयोगाने उत्तरेला युरोपशी थेट व्यापार करू देणारा नियम मांडला. तो आजतागायत मंजूर नाही. मिळालं काय, तर २५.९ कोटी युरोची मदत आणि ग्रीन लाइनवरून माल दक्षिणेत नेण्याची मुभा.

माझं म्हणणं एवढंच: मान्यता देऊ नका, पण शेतकऱ्याला वेठीला धरू नका.

मुद्देसूद

शीर्षकातच 'कोंडी' लिहिलंत म्हणजे निकाल लावून मोकळे झालात. उत्तर सायप्रसवर संयुक्त राष्ट्रांचा व्यापारबंदीचा एकही ठराव नाही. ठराव ५४१ आणि ५५० सांगतात ते इतकंच, की १९८३ ची घोषणा बेकायदा आहे, तिला मान्यता देऊ नका. बाकी सगळं त्यातून आपोआप येतं. दाखला देणारं सरकारच कायद्याच्या लेखी अस्तित्वात नसेल, तर त्याच्या शिक्क्याला किंमत कोण देणार?

आणि ती संत्री कुठली, हेही सांगा ना. बराचसा माल गुझेलयुर्तचा, म्हणजे जुन्या मॉर्फूचा. १९७४ पूर्वी त्या बागांचे मालक बहुतांशी ग्रीक होते आणि त्यांना जीव घेऊन पळावं लागलं. दीड लाखाहून जास्त ग्रीक सायप्रिऑट घरंदारं सोडून दक्षिणेत आले. कोर्टात गेलेल्या बागायतदारांचं म्हणणं समजायला फार अक्कल लागत नाही: आमच्याच लोकांच्या झाडांची फळं लंडनच्या बाजारात आमच्याशीच स्पर्धा करणार?

उत्तरेतल्या किरेनियाच्या तितिना लोइझिदूंचा खटला बघा. स्वतःच्या जमिनीवर पाऊल टाकता येत नाही म्हणून त्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेल्या, १९९६ मध्ये जिंकल्या, आणि तुर्कस्तानने नुकसानभरपाई दिली २००३ मध्ये. अशी हजारो घरं आहेत.

उत्तरेचा वारा

गोष्ट १९७४ पासून सुरू करायची ही सवय कधी जाणार? डिसेंबर १९६३ मध्ये दंगली झाल्या, एका ब्रिटिश जनरलने निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली, या ग्रीन लाइनची सुरुवात तीच. त्यानंतर तुर्की सायप्रिऑट बेटाच्या जेमतेम तीन-चार टक्के जमिनीवरच्या वस्त्यांत कोंबले गेले. ग्रीक सायप्रिऑट राष्ट्राध्यक्ष मकारिओस यांच्या सरकारने 'लष्करी उपयोगाच्या वस्तू' म्हणून एक यादी केली आणि त्या वस्त्यांत सिमेंट, इंधन, बांधकामाचं सामान जाऊ दिलं नाही. १९६४ मधली गोष्ट आहे ही, तेव्हा तुर्कस्तानचं सैन्य उतरायला दहा वर्षं होती.

त्या काळात संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे प्रमुख आपले जनरल थिमय्या होते, डिसेंबर १९६५ मध्ये निकोसियातच गेले. नाकेबंदी म्हणजे काय हे त्या फौजेने रोज पाहिलं.

मुद्देसूद

१९६३ चं मान्य. पण एका नाकेबंदीचं उत्तर दीड लाख लोकांना हुसकावणं असतं का?

खलाशी_रत्नागिरी

कायद्याचं मला फार कळत नाही, जहाजाचं सांगतो. दक्षिणेतल्या लिमासोल बंदरातून जहाजं चालवणाऱ्या कंपन्यांत आपल्याकडची पोरं बरीच आहेत, मीही त्यातलाच. फामागुस्ता, किरेनिया आणि कारावोस्तासी ही उत्तरेतली तिन्ही बंदरं सायप्रस सरकारने ऑक्टोबर १९७४ पासून बंद जाहीर केलेली आहेत. प्रत्यक्षात फामागुस्ता बंद वगैरे काही नाही, तुर्कस्तानातल्या मर्सिनहून फेऱ्या येतात, माल उतरतो. पण तिथे लागलेलं जहाज नंतर लिमासोलला आलं तर कप्तानावर फौजदारी खटला होऊ शकतो. त्यामुळे विम्यावाले आधीच बजावतात आणि भाडेकरारात ही बंदरं वगळलेली असतात. कप्तान कशाला धोका पत्करेल?

म्हणजे कागदावर व्यापारबंदी नाही हे मुद्देसूद यांचं बरोबर. पण जहाज जात नाही हेही तितकंच बरोबर. जातात ती बहुतेक तुर्कस्तानची, मग भाड्यात घासाघीस करायला वाव कुठला?

आणखी एक. उत्तरेत टपाल जातं तेही 'मर्सिन १०, तुर्कस्तान' या पत्त्यावर. सायप्रसमधल्या माणसाला पत्र लिहायचं तर पाकिटावर तुर्कस्तानचं बंदर लिहायचं!

प्रवासी पक्षीण

विमानांचंही तेच. उत्तरेतल्या एर्जान विमानतळावर फक्त तुर्कस्तानातून उड्डाणं. लंडनहून निघालात तरी आधी तुर्कस्तानात उतरायचं, आणि २०१७ पासून ब्रिटनच्या नियमामुळे सामानासकट खाली उतरून पुन्हा तपासणी. उत्तरेची विमान कंपनी थेट उड्डाणांसाठी ब्रिटनच्या कोर्टात गेली होती, हरली. २०१० मध्ये कंपनीच बुडाली.

चुलीवरची

मी इथे चीजसाठी आले आहे, कुणी नाव काढेना म्हणून लिहिते. हलुमी! आपल्या पनीरसारखं तव्यावर टाकलं तरी वितळत नाही, वरून खरपूस होतं. दक्षिणेत हलुमी, उत्तरेत हेलिम, दोन्हीकडच्या आज्या तेच करतात, पुदिन्याचं पान घालून घडी मारायची पद्धतसुद्धा तीच.

एप्रिल २०२१ मध्ये युरोपने याला भौगोलिक नावाचं संरक्षण दिलं, ग्रीक आणि तुर्की दोन्ही नावांनी, आणि उत्तरेतल्या उत्पादकांनाही हक्क दिला. तपासणीचं काम एका खासगी फ्रेंच संस्थेकडे, म्हणजे कुठल्याच सरकारचा शिक्का नको. वाचून किती बरं वाटलं होतं! पण माल जायला हवा तो ग्रीन लाइनवरूनच, आणि त्याआधी गोठ्यापासून कारखान्यापर्यंत सगळं युरोपच्या पशुआरोग्याच्या नियमात बसायला हवं. शिवाय शेळी-मेंढीचं दूध गाईच्या दुधापेक्षा जास्त हवं ही अट, ती तर दक्षिणेतल्या मोठ्या डेऱ्यांनाही झेपेना म्हणून मुदत वाढवावी लागली. छोट्या गोठेवाल्याने काय करायचं? हक्क मिळाला, चीज मात्र वर्षानुवर्षं तिकडेच राहिलं.

मुद्देसूद

ताई, पशुआरोग्याचे नियम सगळ्यांनाच आहेत. आपला हापूससुद्धा फळमाशीपायी २०१४ मध्ये युरोपने थांबवला होता, तेव्हा आपल्याला कुणी वाळीत टाकलं नव्हतं. नियम पाळले, पुढच्या वर्षी बंदी उठली.

विषुववृत्त

हापूसच्या वेळी दाखला द्यायला आपल्याकडे सरकार होतं, आपणच पेट्यांवर शिक्का मारत होतो. फरक तोच तर आहे.

आणि मान्यता नसली की व्यापार अशक्य, हे खरं नाही. तैवानचं बघा. बहुतेक जग त्याला देश मानत नाही, आपणही मानत नाही. तरी जानेवारी २००२ मध्ये 'वेगळा सीमाशुल्क प्रदेश' म्हणून तो जागतिक व्यापार संघटनेत गेला. देश आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवून जकातीचा दाखला स्वीकारता येतो. ग्रीन लाइनवर आजही तेच चालतं की! तिथे मालासोबतचा कागद तुर्की सायप्रिऑट व्यापारी मंडळ देतं आणि आयोगाने त्यासाठी त्या मंडळाला अधिकृत केलेलं आहे. ते ग्रीन लाइनवर चालतं तर फामागुस्ता बंदरावर का चालू नये?

मालमत्तेचं म्हणाल तर उत्तरेत भरपाईसाठी आयोग आहे, आणि २०१० मध्ये त्याच मानवाधिकार न्यायालयाने ग्रीक अर्जदारांना सांगितलं की आधी त्या आयोगाकडे जा. १९९६ चा निकाल सांगताना हा का गाळता?

मुद्देसूद

गाळत नाही, पण त्या आयोगाच्या भरपाया किती रखडतात तेही लिहा.

तैवानचं उदाहरण इथे चालत नाही. तैवानात परक्या देशाचं सैन्य बसलेलं नाही आणि तिथले कारखाने पळवून लावलेल्या लोकांच्या जमिनीवर नाहीत. आणि फामागुस्ता का नाही, याचं उत्तर युरोपच्या कायद्यातच आहे. सायप्रसच्या प्रवेशकराराची दहावी पुरवणी म्हणते, अख्खं बेट युरोपीय संघात आहे, फक्त उत्तरेत कायद्याचा अंमल स्थगित. आयोगाने थेट व्यापाराचा नियम आणला तो परदेशांशी व्यापाराच्या कलमाखाली, म्हणजे उत्तरेला बाहेरचा देश धरून! त्या कलमाखाली बहुमत पुरतं, सायप्रसला नकाराधिकार उरत नाही. पुरवणीखाली आणला तर एकमत लागतं. २०१० मध्ये युरोपीय संसदेच्या विधी समितीनेही हा पाया चुकीचा ठरवला. मागच्या दाराने फाळणी मान्य करून घ्यायची होती, जमली नाही.

विषुववृत्त

छान! म्हणजे ज्याने सार्वमतात 'नाही' म्हटलं त्याच्याच हातात किल्ली. एकमत लागणार असेल तर २६ एप्रिलचा निर्धार मंत्र्यांनी कशाच्या जोरावर केला होता?

कडक चहा

दोघांचंही वाचून एक प्रश्न. या कोंडीचा फायदा तुर्कस्तानलाच होत नाही का? उत्तरेत चलन लिरा. लिरा गडगडला की पगार तिथल्या तिथे वितळतात, स्वतःची मध्यवर्ती बँक असूनही छपाई त्यांच्या हातात नाही. २०१५ पासून पाणीसुद्धा तुर्कस्तानातून समुद्राखालच्या नळाने येतं. अंदाजपत्रकाला पैसे अंकारा देणार. एखादा समाज इतका बांधला गेला की त्याचा नेता फेडरेशन मागो नाहीतर दोन देश, शेवटी फोन अंकाराहूनच यायचा.

लिरा पडल्यावर ग्रीक सायप्रिऑट पेट्रोल भरायला उत्तरेत जातात, तेव्हा तत्त्व वगैरे आड येत नाही म्हणे. परत येताना सामान २६० युरोपर्यंत चालतं, सिगारेटी चाळीस.

सलामाबाद

काश्मीरमध्ये आपण हे करून पाहिलंय. ऑक्टोबर २००८ मध्ये उरी आणि पूंछमधून ताबारेषेपलीकडे व्यापार सुरू केला. २१ वस्तूंची यादी, जकात शून्य, बँक नाही, मालाच्या बदल्यात माल. एप्रिल २०१९ मध्ये हत्यारं, अमली पदार्थ आणि खोट्या नोटा येतात म्हणून सरकारने बंद केला. त्यावर पोट असलेले ट्रकवाले आणि हमाल घरी बसले. कुणी म्हणेल बरोबर केलं, कुणी म्हणेल चूक. पण सार्वभौमत्व सोडल्याशिवायही रेषेवर व्यापार होतो आणि सरकारला नको झाला की एका आदेशाने थांबतो, हे दोन्ही तिथे दिसलं.

खलाशी_रत्नागिरी

किल्ली एकाच्या हातात नाही, दोघांच्या आहे. २००५ मध्ये तुर्कस्तानने युरोपसोबतचा सीमाशुल्क संघ युरोपच्या नव्या सदस्यांना लागू करण्याच्या करारावर सही केली, पण सायप्रसच्या झेंड्याच्या जहाजांना आपली बंदरं उघडली नाहीत. म्हणून डिसेंबर २००६ मध्ये युरोपने तुर्कस्तानच्या प्रवेशाच्या बोलण्यांतली आठ प्रकरणं गोठवली. म्हणजे फामागुस्ता सायप्रसने अडवलंय, मर्सिन तुर्कस्तानने. जहाजं उगाच वळसे घेतात.

त्याच वर्षी फिनलंडने तोड सुचवली होती: फामागुस्ता बंदर युरोपच्या देखरेखीखाली उघडायचं आणि शेजारचं वारोशा, १९७४ पासून ओस पडलेली हॉटेलांची पेठ, संयुक्त राष्ट्रांकडे द्यायची. बोलणी फिसकटली. २०२० च्या ऑक्टोबरात उत्तरेने तुर्कस्तानच्या पाठिंब्याने वारोशाचा किनारा एकतर्फी उघडला, झालं.

मुद्देसूद

ती तोड आजही मला मान्य आहे. पण क्रम महत्त्वाचा: आधी वारोशा मूळ मालकांना, मग बंदर. उलट केलं तर वारोशा कधीच मिळायचं नाही.

विषुववृत्त

आणि तुमच्या क्रमाने गेलं तर बंदर कधीच मिळायचं नाही, २००४ चा अनुभव आहे त्यांना.

बंदर-वारोशा राहू दे बाजूला. ग्रीन लाइनचा नियम तर २००४ पासून लागू आहे ना? त्याखाली उत्तरेतलं प्रक्रिया केलेलं अन्न दक्षिणेत येऊ द्यायला निकोसियाने वर्षानुवर्षं नकार दिला, कारण काय तर उत्पादनाच्या जागेची खात्री नाही. लोणची-मुरंबे अडत राहिले, मासे आणि मध चालतात. ट्रकला फिटनेसचा दाखला उत्तरेतला असेल तर अवजड गाडी अडते. एवढ्या सगळ्या चाळणीतून उरलेला व्यापार अलीकडच्या वर्षांत वर्षाला दीड कोटी युरोच्या घरात. यात तुमचा वारोशा कुठे येतो, मालमत्ता कुठे येते? हेलिमसाठी खासगी संस्था चालते तर मुरंब्याच्या कारखान्यासाठी का नाही?

मुद्देसूद

मुरंब्याचं मान्य, ते अडवायला नको. ट्रकचं नाही. अपघात झाला तर विमा कोण भरणार, ते आधी सांगा.