एरोसोलला धूलिकण म्हणावं का?

साताऱ्याहून विचारतेय. नववीच्या पोरांसाठी हवेवर टिपण लिहायला घेतलंय. एरोसोलला, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या बारीक घन-द्रव कणांना, बऱ्याच ठिकाणी धूलिकण लिहिलेलं दिसतं, पण "समुद्रावरच्या स्वच्छ हवेत नवे एरोसोल तयार होतात" या वाक्याला अडले, धूळ उडते, ती तयार कशी होईल?

– ताई, धूलिकण नकोच. पुस्तकी शब्द वायुकलिल, पण नववीला एरोसोल नाहीतर नुसतं सूक्ष्मकण बरं. लाटांच्या फेसातून मीठ उडतं ते वेगळं, ते कण आयतेच हवेत येतात. नवे कण वायूपासून जन्मतात. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळं डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो, उन्हात हवेत त्याचं ऑक्सिडेशन होऊन सल्फर डायऑक्साइड आणि पुढं सल्फ्युरिक आम्ल बनतं, त्याच्या वाफेचे रेणू अमोनियासारख्यांची साथ मिळाली की एकमेकांना चिकटतात आणि एक-दोन नॅनोमीटरचा पुंजका होतो. किनाऱ्यावर शेवाळातलं आयोडीनपण हे काम करतं, आयर्लंडच्या मेस हेडला ओहोटीच्या वेळी असे कण भरपूर सापडलेत.

– मग या चिकटण्याला काय लिहू? केंद्रकीभवन वाचून पोरं पुस्तक मिटतील.

– मी सांगलीचा, आमच्याकडं तूप "कणी धरतं" म्हणतात, तेच लिहा की! आधी कण नव्हता, आता आहे, हे त्या एका क्रियापदात येतं. कंसात केंद्रकीभवन द्या, पुढं परीक्षेत लागेल.

– कणी धरणे मलाही पटलं. फक्त हवेत मिठाचे मोठे कण खूप असले की ती आम्लाची वाफ त्यांच्यावरच बसते, नवी कणी धरायला उरतच नाही, म्हणून पावसानं हवा धुऊन निघाली की नवे कण व्हायची शक्यता जास्त, "स्वच्छ हवेत" या शब्दांचा अर्थ तिथं आहे, ते गाळू नका.

– अजून एक, नव्या कणाला लगेच ढगाचं बीज म्हणू नका. साधारण 50 ते 100 नॅनोमीटरपर्यंत वाढला तरच त्यावर ढगाचा थेंब धरतो, बरेचसे त्याआधीच मोठ्या कणांना चिकटून संपतात. महाबळेश्वरला आयआयटीएमची (पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची) ढगांची प्रयोगशाळा आहे, तुमच्याच जिल्ह्यात, टिपणात तिचा उल्लेख जरूर करा.

– असं लिहिलं, बघा: "समुद्रावरच्या धुतलेल्या हवेत वायूंपासून सूक्ष्मकण कणी धरतात."

– "सूक्ष्मकण कणी धरतात" नको ताई, कण दोनदा आला. "वायू कणी धरतात" करा.