गरम झाली की गाडी बंद पडते, क्रँक सेन्सर बदलूनही कोड तोच

प्रश्न (गुहागरहून)
गाडी २०१५ची, पेट्रोल. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते, गावात फिरताना काही तक्रार नाही. पण खेडला जाताना परशुराम घाट चढून झाला की चालता चालता बंद. परवा धोपाव्याला फेरीबोटीच्या रांगेत बंद पडली, मागची सगळी रांग खोळंबली. अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं की परत सुरू होते. चेक इंजिनचा दिवा कधी लागतो, कधी आपोआप जातो. स्कॅनरवर पी०३३५ हा बिघाडाचा कोड आला, म्हणून गॅरेजमध्ये क्रँक सेन्सर (इंजिनचा दांडा फिरतोय का ते सांगणारा) बदलला. थोडे दिवस बरे गेले, आता पुन्हा तेच. आता म्हणतात ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गेलाय. आईला रात्री-अपरात्री चिपळूणला दवाखान्यात न्यावं लागतं, त्यामुळे गाडीवर भरवसा हवाच. खरंच ईसीएम असेल का?

उत्तर (दापोलीहून)
माझ्या गाडीला हेच होत होतं, निघाला टाकीतला पेट्रोल पंप. बंद पडल्यावर सेल्फ मारताना मागच्या सीटखाली पंपाचा आवाज येतो का ऐका. नसेल तर पंपच.

उत्तर (रत्नागिरीहून)
मी ऑटो इलेक्ट्रिकलचं काम करतो. ईसीएमला इतक्यात हात लावू देऊ नका.

दापोलीच्या भाऊंचा मुद्दा बरोबर, पण इथे फसगत होऊ शकते. क्रँकचा सिग्नल मिळाला नाही तर ईसीएम स्वतःच पंप बंद ठेवतो. म्हणजे सेल्फ मारताना पंप गप्प असणं हा सिग्नल गेल्याचा परिणामही असू शकतो. नुसती चावी ऑन केल्यावर दोनेक सेकंद पंप घुमला, तर त्याला वीज मिळतेय एवढं नक्की.

पी०३३५चा अर्थ सेन्सर खराब असा नाही. त्या सर्किटचा सिग्नल ईसीएमपर्यंत नीट पोचला नाही, एवढंच तो कोड सांगतो. सेन्सर, कपलर (वायर जोडायचा प्लग), वायर, अर्थिंग, काहीही असू शकतं. नवा सेन्सर टाकून तोच कोड आला, तर मी आधी वायर बघतो. नवा सेन्सर लोकल असेल तर मात्र त्याच्यावरही संशय ठेवा.

गाडी बंद पडते त्या क्षणी आरपीएमचा काटा बघा. गाडी गिअरमध्ये, क्लच सोडलेला, चाकं अजून इंजिन फिरवतायत आणि काटा मात्र एकदम शून्यावर: सिग्नल तुटला. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर पेट्रोलकडे बघा. मग तिथेच, गार होऊ न देता, स्कॅनरचा लाइव्ह डेटा लावून सेल्फ मारा. इंजिन फिरतंय आणि स्क्रीनवर आरपीएम शून्य, मग शंका उरत नाही. दोष हजर असतानाच मोजायचं. गार झालेल्या गाडीत सगळं ठीकच दिसणार.

बॅटरीची वायर काढण्याआधी कोड आणि फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या वेळच्या इंजिनच्या नोंदी) लिहून घ्या, नाहीतर पुसलं जातं. मग सेन्सरचा कपलर काढा. आपल्याकडे खाऱ्या हवेने पिनांवर हिरवी पूड धरते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पॉलिश पेपर घासू नका, पिनेचा मुलामा जातो. कपलरमागची एकेक वायर बोटांत धरून हलकेच ताणा. आतली तार तुटली असेल तर वरचं रबर इलास्टिकसारखं लांबतं. बाहेरून मात्र काही दिसत नाही. गरम झालं की अशी तार सुटते, गार झाली की परत टेकते. आणि टेस्टरची सुई वायरीत खुपसू देऊ नका, त्याच भोकातून पाणी शिरतं आणि तांबं आतून खातं.

हे होईपर्यंत घाटात जाऊ नका. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही कडक होतो. आईंना न्यायचं असेल तेव्हा दुसरी गाडी बघा.

उत्तर (देवगडहून)
उंदीरही बघा. आगोटीला, पावसाच्या तोंडावर, मांगरात (शेतातल्या गोठ्यात) उभ्या केलेल्या माझ्या गाडीची वायर गिअरबॉक्सवरच कुरतडली होती.

प्रश्नकर्ता
काटा एकदम शून्यावर पडतो, घराजवळच्या सड्यावर फिरवताना पाहिलं. इलेक्ट्रिशियनकडे कपलर काढला. तुम्ही म्हणालात तशी एक वायर लांबली. साल काढली तर वीतभर आत तांबं हिरवं, भुगा झालेलं. गिअरबॉक्सवरच्या पट्टीला घासून एक बारीक चीर पडली होती. आता तेवढा तुकडा बदलायचा का नवीन हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा?

उत्तर (रत्नागिरीहून)
हार्नेस नको. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा, त्याच जाडीची वायर झाळून जोडा, वर आतून गोंद असलेली स्लीव्ह चढवा. दोन्ही वायरींना पीळ असेल तर तो तसाच ठेवा, तो इग्निशनच्या ठिणगीमुळे सिग्नलला होणारा त्रास अडवायला असतो. पट्टीपासून आणि सायलेन्सरच्या पाइपपासून लांब बांधा. मग कोड उडवा, गाडी चांगली गरम करा आणि स्कॅनरच्या पेंडिंगमध्ये (अजून पक्क्या न झालेल्या कोडच्या यादीत) पी०३३५ परत येतो का बघा. आठवडाभर आला नाही तर आईंना बिनधास्त न्या.