प्रतिसाद: चारही टायर बदला, रिम आधी बसवून बघा

पुढची चाकं गाडी ओढतात म्हणून विंटर टायर (बर्फ आणि थंडीसाठीचे टायर) फक्त पुढेच घालायचे, असं वर कोणीतरी म्हटलंय. नका करू! गाडी जागेवरून झकास निघेल, पण निसरड्या वळणावर ब्रेक दाबला की मागची बाजू सुटते आणि गाडी गर्रकन फिरते.

विंटर टायर वेगळ्या, लहान स्टील रिमवर (टायर ज्यावर बसतो ते धातूचं चक्र) बसवायचे, या सूचनेशी मात्र सहमत. १८५/६० आर १५ (रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १५ इंची) ऐवजी १७५/७० आर १४ घेतलं तर चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो. गाडीच्या पुस्तिकेत तो साइज आहे ना, ते बघा. रिम ब्रेक कॅलिपरला (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) घासत नाही ना, हे चाक बसवून हाताने फिरवून तपासा. अलॉय (मिश्रधातूच्या) रिमचे नट स्टीलच्या रिमला चालतीलच असं नाही. कुठे नटचं रिमवर टेकणारं टोक शंकूसारखं, कुठे गोल.

आणि टायरवर नुसतं 'एम+एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) पुरेसं नाही, डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह हवं.