फ्लॅश करताना लाइट गेली, राउटर उठेल का?

प्रश्न (अंबाजोगाई): आखाड्यावर सोयाबीनच्या पोत्यांमागं पडलेला आर्चर सी७, व्हर्जन २ हा राउटर घरी आणला. त्यात ओपनडब्ल्यूआरटी (राउटरच्या मूळ सॉफ्टवेअरऐवजी टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) टाकताना, म्हणजे फ्लॅश करताना, लाइट गेली. आता नुसता दिवा लुकलुकतोय. पोरीचा अभ्यास अडलाय हो.

लातूर: घाबरू नका दादा, बूटलोडर (राउटर सुरू करणारा छोटा प्रोग्राम) शाबूत असेल तर उठतो. लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्या, त्यावर टीएफटीपी सर्व्हर (राउटरला केबलवरून फाइल देणारा प्रोग्राम) लावा. ओपनडब्ल्यूआरटीच्या ‘फॅक्टरी’ फाइलीला त्या मॉडेलसाठी ठरलेलं रिकव्हरीचं नेमकं नाव द्या. एक अक्षर चुकलं तरी राउटर ती फाइल बघत नाही. मग रीसेट दाबून धरून राउटर चालू करा.

परभणी: नक्की करा. १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम आहे त्यात. ४ एमबी फ्लॅशवाला असता तर जागा अपुरी म्हणून नको म्हणालो असतो. यावेळी इन्व्हर्टरवर लावा.

अंबाजोगाई: उठला! पण वायफाय दिसेना.

परभणी: ते सुरुवातीला बंदच असतं. केबल लावून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा, आधी स्वतःचा नवा पासवर्ड ठेवा, मग वायफाय चालू करा.