मदत हवी आहे: शाळेच्या टीव्हीवर मराठी अक्षरांऐवजी चौकोन येतात

धडगावचे_गुरुजी: चौथीच्या मुलांना गाण्यांचे व्हिडिओ दाखवायचेत, खाली त्याच गाण्याचे शब्द. मुलं घरी पावरी बोलतात, पुस्तकातलं मराठी वाचताना अडखळतात. मोबाइलवर शब्द नीट दिसतात, टीव्हीवर नुसते चौकोन! सोमवारी तास आहे, लवकर सांगा.

तापीकाठ: टीव्ही कुठला? यूट्यूब की पेनड्राइव्ह? शब्दांची फाइल वेगळी आहे का?

रावेरकर: यूट्यूबवर भाषांतर चालू करा, इंग्रजीचं मराठी होतं.

धडगावचे_गुरुजी: दादा, इंग्रजी कुठून आलं? गाणंही मराठी, शब्दही मराठी. पेनड्राइव्ह आहे. एसआरटी फाइल वेगळी. टीव्ही साधा, ग्रामपंचायतीने दिलेला.

अमळनेरचे_आप्पा: टीव्ही बघून वाचन येत नसतं. बाराखडी पक्की करा, रोज एक पान मोठ्याने वाचून घ्या.

सातपुडा_ताई: आप्पा, ते करतोच की. पण हे आजचं खूळ नाही. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारींनी १९९६ पासून यावर काम केलं. १९९९ मध्ये दूरदर्शनवर गुजराती चित्रगीतांखाली ओळी आल्या, पुढे चित्रहारमध्येही. जे ऐकू येतं तेच लिहिलेलं दिसलं की नजर आपसूक अक्षरांवर जाते.

अमळनेरचे_आप्पा: गाणं पाठ असेल तर मूल वाचतं कुठे?

सातपुडा_ताई: म्हणून मी गाण्यातला मधलाच शब्द फळ्यावर सुटा लिहिते. पाठांतरवाला तिथे अडतो, मग ओळीवर बोट ठेवून शोधायला लावते.

तापीकाठ: मूळ प्रश्नाकडे या. चौकोन म्हणजे टीव्हीत देवनागरी फॉण्टच नाही. भलतीच चिन्हं आली असती तर फाइल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) सेव्ह करून भागलं असतं. इथे शब्द व्हिडिओतच छापून टाका. हॅण्डब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये सबटायटल्सला जाऊन एसआरटी घ्या, ‘बर्न इन’वर टिक करा. आधी एका मिनिटाचाच तुकडा करून वेलांट्या, जोडाक्षरं तपासा. मागच्या बाकावरून वाचता येईल एवढं अक्षर ठेवा.

रावेरकर: अहिराणी लग्नगीतांना कुणी असे शब्द लावलेत का? आमची पोरं लगेच वाचतील.

धडगावचे_गुरुजी: शाळेच्या संगणकात विंडोज ७ आहे, हॅण्डब्रेक उघडतच नाही.

तापीकाठ: नव्या आवृत्तीला विंडोज १० तरी लागतं. कुणाचा लॅपटॉप मिळतोय का बघा. व्हिडिओ एकदा तयार झाला की पेनड्राइव्हवर घेऊन कुठेही चालेल.

धडगावचे_गुरुजी: केंद्रप्रमुखांकडे आहे. उद्या मागतो. ताई, फळ्यासाठी शब्द कसे निवडता तेही सविस्तर लिहा.