छापून येईपर्यंत तग कसा धरता?

पाचपाखाडीकर

मंडळी, रविवारी कपाट आवरायला घेतलं. दोन रजिस्टरं, एक फुटलेली फाईल आणि वाण्याच्या बिलांच्या पाठीवर लिहिलेली अर्धी कादंबरी निघाली. त्यातली ४१ ते ५८ ही पानं गायब. बायको म्हणाली, "लिहिलीच नसशील." असेलही.

बँकेतली नोकरी, वय ४४. सहा कथा छापून आल्या, तीन साभार परत. बाकीच्या कुठे पाठवल्या होत्या तेच आठवत नाही. म्हणून विचारतोय: नोकरी-संसार सांभाळून लिहिण्याची खुमखुमी कशी टिकवता, आणि पसारा कसा आवरता? उपदेश नको, स्वतःवर गुदरलेलं सांगा. फजिती असेल तर आधी फजिती.

माझी घ्या. तीन वर्षांपूर्वी एकच कथा दोन दिवाळी अंकांना गेली. मुद्दाम नव्हे हो, पहिल्यांदा पाठवल्याचं विसरलो. सप्टेंबरात एका संध्याकाळी तलावपाळीवर भेळ खात असताना पहिला फोन आला, कथा घेतली म्हणून. भेळवाल्याला सुटे पैसेही परत मागितले नाहीत. चार दिवसांनी दुसरा फोन. त्यांची पानं लागली होती. मी खरं सांगितल्यावर संपादक एवढंच म्हणाले, "बरं, आता या आठ पानांत काय घालू ते तुम्हीच सांगा." तेव्हापासून त्या अंकाला काही पाठवायचं तोंड नाही राहिलं.

त्यानंतर दोनशे पानी वही केली. कथा, कुठे पाठवली, कधी, उत्तर. असे चार रकाने. चौथा बहुतेक मोकळाच असतो, पण तीन महिने मोकळा राहिला की एक नम्र मेल टाकतो आणि तरी उत्तर नाही आलं तर कथा दुसरीकडे.

रबाळे-घणसोली

मी कोपरखैरण्याची, कचेरी ठाण्यात. ट्रान्सहार्बर लोकलने जाऊन-येऊन पाऊण तास मिळतो, तेवढाच माझा. उभ्याने लिहिता येत नाही म्हणून मोबाईलवर बोलून टाईप करते. मागच्या महिन्यात नायिकेचा बाप मरतो तो प्रसंग केला. घरी येऊन वाचलं तर, "बाबांनी तिचा हात घट्ट धरला पुढील स्टेशन घणसोली आणि डोळे मिटले." हसून हसून पुरेवाट. मग लक्षात आलं, ते वाक्य तसं वाईट नाहीये. सध्या ठेवलंय.

बोलून लिहिलेलं पाल्हाळीक होतं, हा तोटा आहेच. शनिवारी बसून निम्मं कापते.

कारकून (निवृत्त)

आमच्या वेळी वेगळं काही नव्हतं, फक्त पोस्टाचा खर्च जास्त होता. कथेबरोबर स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं. आपल्याच अक्षरातलं पाकीट दारात पडलं की उघडायच्या आधी समजायचं. असली पाकिटं मी जपून ठेवली. मागे कोऱ्या जागेत पुढच्या कथेचे मुद्दे लिहायचो. कागद फुकट का घालवा!

मी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाचा जुना सभासद. १८९३ पासूनची संस्था, आपल्या गावात आहे याचं अप्रूप हल्लीच्या मुलांना नाही (असो). नवोदितांना माझं सांगणं असतं की ज्या अंकाला कथा पाठवायची त्याचे मागचे दोन-तीन अंक आधी वाचा. विनोदी अंकाला आत्महत्येची कथा धाडणारे महाभाग मी पाहिलेत. त्यातला एक मीच.

आणि वर्षाचं गणित दिवाळीवरून मांडावं. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचं आर्थिक वर्ष तेच. साहित्य पाठवा अशी आवाहनं मे-जूनमध्ये दिसू लागतात, म्हणजे मजकूर एप्रिलपर्यंत हातात हवा. लोक ऑगस्टमध्ये लिहायला बसतात आणि संपादकांच्या नावाने बोटं मोडतात.

वेंधळी वाशीकर

घाईघाईत चुकीचा खर्डा पाठवला. मधोमध मी स्वतःसाठी लिहिलेलं तसंच राहिलं होतं: "इथे सासूचं काहीतरी भारी घालणे." आठ दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, "सासूचं सुचलं की कळवा."

सुचलं नाही अजून.

पाचपाखाडीकर

सांगायचं राहिलं, पानं मिळाली. गव्हाच्या डब्याखाली अंथरली होती. पण ४७ ते ५८च. ४१ ते ४६ खरंच लिहिली नव्हती. बायकोचं अर्धं खरं.

कळव्याचा कवी

माझी फजिती हसण्यासारखी नाही. एका प्रकाशकाला कविता आवडल्या. "तीनशे प्रती काढू, खर्च तुमचा, वितरण आमचं." पंचवीस वर्षांचा होतो, आईकडून पैसे घेतले. कागद न वाचता सही केली. वितरण म्हणजे पाच खोकी टेम्पोतून आमच्या चाळीत येणं. आजही दोन खोकी दिवाणाखाली आहेत, पावसाळ्यात वर काढावी लागतात.

पुढे दुसऱ्याने संग्रह मागितला तेव्हा हक्क कुणाकडे यावरून घाबरलो. वकील मित्राने कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १९ दाखवलं. हक्क लेखी दिले तरी कागदात मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर ते भारतापुरतेच. माझ्या कागदात दोन्ही नव्हतं आणि सहा वर्षं होऊन गेली होती. सुटलो. त्या पहिल्या प्रकाशकाने आयएसबीएनचेही (पुस्तकाचा ओळख क्रमांक) वेगळे पैसे लावले होते. भारतात तो नंबर सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर!

पहिलंच पुस्तक असेल तर राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिचे नियम आधी बघा. आईकडे मागायच्या आधी.

लिहायचं म्हणाल तर दोन वर्षं बंदच होतं. परत सुरू कसं झालं ते सांगता येत नाही. विटावा पुलाखाली ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, चार ओळी आल्या, बस्स.

येऊरच्या पायथ्याशी

माझं मत जरा उलटं. मी रकाने आखले, मोबाईलवर गजर लावले, रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवल्या. भिंत सुरेख दिसायची. सहा महिन्यांत एक कथा नाही. आता सगळं काढून टाकलंय. सकाळी उपवनला एक फेरी आणि मग तासभर वही. फक्त फाईल युनिकोडमध्ये ठेवते, एवढी एकच शिस्त. जुन्या फॉन्टमधली कथा एकदा पाठवली होती, तिकडे उघडल्यावर नुसतं गुरगुटं झालं होतं.

नेरूळची काकू

माझ्याकडे वही नाही, कॅलेंडर आहे. स्वयंपाकघरात दुधाचा हिशोब मांडतो ना, त्याच चौकोनात लिहिण्याचाही मांडते. ज्या दिवशी लिहिलं नाही त्या दिवशी खाडा. दूधवाल्याच्या खाड्याला मी त्याच्याशी भांडते, मग स्वतःच्या खाड्याला गप्प कशी बसू? एप्रिलमध्ये माझे अकरा झाले, त्याचे दोन. नातू झालाय, सुनेचं बाळंतपण होतं, कारण आहे. पण अकरा म्हणजे अकरा.

पाच ओळी लिहिल्या तरी खाडा धरत नाही. पत्र, वाण्याची यादी मात्र लिखाणात धरत नाही.

रबाळे-घणसोली

काकू, भारी! महिना संपला की पान फाडता का?

नेरूळची काकू

नाही गं. मागे पाककृती असतात.