वाहतूक कोंडीत एअर-कूल्ड इंजिन फार तापते. ऑइल बदलावे का?

प्रश्न (मिरज):
माझी दीडशे सीसीची एअर-कूल्ड मोटारसायकल आठ वर्षे जुनी आहे. रोज दुपारी मिरजेहून सांगलीला गणपती पेठेत जावे लागते. उन्हाळा लागल्यापासून गर्दीत पंधरा-वीस मिनिटे रांगत गेल्यावर गिअर जड होतात, न्यूट्रल सापडत नाही आणि चढाला इंजिन खडखडते. जास्त जाड ऑइल घालावे, असा सल्ला गॅरेजमध्ये मिळाला आहे. तो मानावा का?

उत्तर (सातारा):
कृपया घाई करू नका; गाडीच्या पुस्तिकेत जो ग्रेड छापला आहे, तोच वापरावा. एअर-कूल्ड इंजिनाची उष्णता फिन्सवरून, म्हणजे इंजिनावरच्या धातूच्या पातळ पट्ट्यांवरून, वाहणारा वारा काढून नेतो. गाडी रांगू लागली की तो वारा थांबतो, पेट्रोल मात्र जळतच राहते. त्यात हाफ क्लचवर गाडी सरकवत राहिल्यास क्लचप्लेटा घसरून तापतात आणि आपल्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर व क्लच यांना एकच ऑइल असल्यामुळे तीही उष्णता त्यातच उतरते. गिअर जड होण्याचे मूळ मला इथे दिसते. पुढच्या वाहनाशी थोडे अंतर पडू द्यावे, मग पहिल्या गिअरात क्लच पूर्ण सोडून जावे. मिनिटभर थांबायचे असेल तर इंजिन बंद करावे. मोटारीचे ऑइल कधीही घालू नये, क्लच घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए २’ (क्लचलाही चालणाऱ्या मोटारसायकल ऑइलची खूण) आहे ना, ते पाहावे.

उत्तर (आष्टा):
फिन्सही तपासा. उसाच्या रानातून ये-जा असल्याने माझ्या गाडीच्या फिन्समध्ये पुढच्या चाकाने उडवलेला चिखल वाळून विटेसारखा घट्ट बसला होता. इंजिन पूर्ण गार झाल्यावर लाकडी काडीने आणि जुन्या टूथब्रशने तो काढला, तेव्हा फरक पहिल्याच दिवशी जाणवला. तापलेल्या इंजिनावर गार पाणी मात्र ओतू नका. धातू एकदम आकसून तडा जाऊ शकतो.

प्रश्नकर्ता:
आपणा दोघांचे मनापासून आभार. सकाळी गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून पाहिले, तर ऑइल ते मोजायच्या काडीच्या खालच्या खुणेपर्यंतही नव्हते, आणि ते काळेकुट्ट झाले होते. पुस्तिकेतल्याच ग्रेडचे नवे ऑइल भरले, फिन्स साफ केले. आज दुपारच्या गर्दीत न्यूट्रल सहज पडले. चढाचा खडखडाट थोडा उरला आहे, त्यामुळे उद्या प्लग आणि कार्बोरेटर दाखवणार आहे.